प्रदर्शनासाठी वाढवलेल्या डुकरांचा खुराक आणि वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यावर वाढणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या मांसल जातींच्या निरोगी डुकरांसाठी आहेत. जात, हवा आणि गोठा बदलला की ते थोडे इकडेतिकडे होतात. खाद्याचा पहिला कट्टा फोडण्याआधी प्रदर्शनाची नियमावली वाचून काढा. किमान-कमाल वजन, वजन कधी होणार, कोणती औषधं आणि खाद्यपूरकं चालत नाहीत, जनावर तिथून परत आणता येतं की नाही, या चार गोष्टींवर पुढचा सगळा हिशेब उभा राहतो.

पिल्लू किती वजनाचं आणि किती आधी घ्यावं?

प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजत या. चांगलं डुक्कर साधारण साडेपाच-सहा महिन्यांचं झालं की ११० ते १२० किलोंवर येतं. ९-१० आठवड्यांचं पिल्लू २५ किलोंच्या आसपास भरतं. तिथून रोज सरासरी ८०० ग्रॅम वाढ धरली, तर ११५ दिवसांत आणखी ९२ किलो चढतात. म्हणजे २५ किलोंचं पिल्लू प्रदर्शनाच्या सोळा-सतरा आठवडे आधी गोठ्यात आलेलं असावं.

‘मोठं घेतलं तर बरं, वाढायचं टेन्शन नाही’ असा विचार करून बरेच जण ३५-४० किलोंचं पिल्लू आणतात आणि शेवटचे दोन महिने त्याचं तोंड बांधत बसतात. थोडं लहान पिल्लू भरपूर खाऊन वेळेवर पोचलेलं केव्हाही चांगलं दिसतं.

रोज किती वाढ हवी, हे कसं काढायचं?

हवं असलेलं वजन वजा आजचं वजन, भागिले उरलेले दिवस. समजा आज ६२ किलो आहे, ११८ हवं आहे आणि ७० दिवस हातात आहेत. ५६ भागिले ७०, म्हणजे रोज ८०० ग्रॅम. ही सुखाची वाढ आहे.

उत्तर ७०० ते ९०० ग्रॅममध्ये आलं तर सगळं जागेवर आहे. १ किलोच्या पुढे गेलं तर चांगल्या वंशाच्या, भरपोट खाणाऱ्या डुकरालाही धाप लागते. ५००च्या खाली आलं तर आजपासूनच खाद्य आवरायला हवं, महिन्याभराने नव्हे. हा भागाकार दर आठवड्याला पुन्हा करा. वजन नेहमी एकाच वारी, एकाच वेळी, सकाळच्या खाद्याआधी घ्या. भरल्या आणि रिकाम्या पोटात सहज दोन-तीन किलोंचा फरक पडतो आणि तो वाढ म्हणून वहीत चढला की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

काटा नाही. टेपने वजन कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. कापडी टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती फिरवा. टेप अंगाला चिकटलेली हवी, रुतलेली नको. मग दोन कानांच्या मधल्या बिंदूपासून पाठीच्या रेषेने शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन घेर गुणिले घेर गुणिले लांबी करा आणि १४,४०० ने भागा. घेर १०८ आणि लांबी १२० असेल तर ९७ किलो येतात. उत्तर ६८ किलोंच्या खाली आलं तर त्यात ३ किलो मिळवा.

मापाची खरी गंमत मानेत आहे. डुकराने मान खाली घातली की पाठीची लांबी वाढते, वर केली की कमी होते. मान पाठीच्या सरळ रेषेत असतानाच माप घ्या. तीनदा घेऊन मधला आकडा धरा. तरीही चार-पाच किलोंचा फरक राहू शकतो, त्यामुळे वजनगटाच्या कडेवर असलेलं जनावर निदान दोनदा तरी खऱ्या काट्यावर चढवा.

कोणत्या वजनाला किती प्रथिनं?

२५ ते ५० किलोंपर्यंत १८ ते २० टक्के, ५० ते ८० किलोंना १७ ते १८, आणि त्यापुढे १५ ते १६ टक्के. पण कट्ट्यावरचा प्रथिनांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातलं धान्याच्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. ते अपुरं असलं की बाकीची प्रथिनं मांस बांधायला उपयोगी पडत नाहीत. या तीन टप्प्यांना लायसिन अनुक्रमे १.१, ०.९ आणि ०.७५ ते ०.८ टक्के असावं.

घरी मिसळणाऱ्यांसाठी १०० किलोंचं प्रमाण:

- ५० ते ८० किलोंसाठी: मका ७२, सोयाबीन पेंड २५, डुकरांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ३. यात प्रथिनं साडेसतरा टक्क्यांच्या आसपास बसतात.
- ८० किलोंच्या पुढे: मका ७०, सोयाबीन पेंड १९, गव्हाचा कोंडा ८, मिश्रण ३.

मिश्रण किती घालायचं ते त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. ते ३ किलोंपेक्षा कमी असेल तर उरलेला भाग मक्याने भरा. नुसत्या मक्यावर डुक्कर पोसू नका. मक्यात प्रथिनं आठ टक्क्यांच्या जवळपास आणि लायसिन पाव टक्का. जनावर गुबगुबीत दिसेल, पण मांडीला आणि पाठीला मांस धरणार नाही. कच्चं सोयाबीनही नको. त्यातला घटक प्रथिनांचं पचन अडवतो, म्हणून भाजलेलं सोयाबीन किंवा पेंडच वापरा.

मादी आणि खच्ची केलेला नर एकाच मापाने वाढत नाहीत. खच्ची नर जास्त खातो आणि लवकर चरबी धरतो. मादी कमी खाते आणि मांसल राहते, म्हणून तिच्या खाद्यात प्रथिनं एखादा टक्का वर ठेवा.

भरपूर ठेवावं की मोजून द्यावं?

६०-७० किलोंपर्यंत भरपूर, पुढे मोजून, असं आमचं मत आहे. लहान वयात हाडं आणि मांस वाढत असतं, तेव्हा हात आखडणं महागात पडतं. भरपोट खाणारं डुक्कर ५० किलोंना दिवसाला साधारण २ किलो, ८० किलोंना अडीच-पावणेतीन आणि १०० किलोंच्या पुढे ३ किलोंच्या आसपास खातं.

मोजून द्यायला लागलात की दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने द्या. मोजणं म्हणजे वजन करणं. डब्याच्या मापावर विसंबू नका, कारण कोंडा घातलेला डबा आणि नुसत्या मक्याचा डबा वजनात बराच वेगळा भरतो. अर्ध्या तासाने कुंड बघा. खाद्य उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी करण्याआधी का उरलं ते शोधा. डुकराच्या आजाराची पहिली खबर बहुधा कुंडच देतं.

एकाच कप्प्यात दोन जनावरं असली तर खाताना मध्ये आडोसा घाला. नाहीतर एकाचं वजन पळतं, दुसऱ्याचं अडतं आणि वहीत दोघांचीही सरासरी ठीकच दिसते.

भरडा किती बारीक?

दाणा ०.६ ते ०.७ मिलिमीटर. बोटांत चोळला की खर लागली पाहिजे. अगदी पिठासारखं दळलं तर पचन सुधारतं हे खरं, पण जठरात व्रण होण्याचा धोकाही वाढतो. त्यात खाद्याच्या वेळा हुकल्या, एक-दोन वेळचा उपास पडला, प्रवासाचा ताण आला की व्रणातून रक्त जायला लागतं. डांबरासारखी काळी विष्ठा, फिकट कातडी, दात खाणं, कुंडाशी येऊन दोन घास घेऊन मागे फिरणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

खाद्य एकदम बदललं तर काय होतं?

हगवण लागते आणि तीन-चार दिवसांची वाढ जाते. पहिले दोन दिवस चार भागांत एक भाग नवं, पुढचे दोन दिवस अर्धं-अर्धं, मग दोन दिवस तीन भाग नवं. नवं पिल्लू आणताना जुन्या मालकाकडून आठवडाभराचं खाद्य मागून घ्या.

पाणी किती लागतं?

खाद्याच्या अडीच-तीन पट. मोठं डुक्कर रोज ८ ते १२ लिटर पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. निपल (तोंडाने दाबलं की पाणी सोडणारी तोटी) असेल तर मिनिटाला एक लिटर पाणी आलं पाहिजे. भांडं धरून घड्याळ लावून मोजा. नळीत शेवाळ किंवा गाळ अडकून धार बारीक होते, जनावर कंटाळून पाणी सोडतं, मग खाद्य सोडतं आणि दोष मात्र खाद्याला मिळतो.

पाणी पूर्ण तुटणं हा वेगळाच धोका आहे. खाद्यातलं नेहमीचं मीठसुद्धा तेव्हा विषासारखं चढतं. जनावर आंधळ्यासारखं भिंतींना धडकतं, मान मागे टाकतं, झटके येतात. अशा डुकरासमोर एकदम भरलेली बादली ठेवू नका. मेंदूला सूज येते. थोडं थोडं पाणी ठरावीक अंतराने द्या आणि पशुवैद्याला बोलवा.

वजन पुढे पळतंय. कसं रोखायचं?

सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. चूक एकच: शेवटच्या दहा दिवसांत अर्ध्यावर खाद्य आणणं. असं उपाशी ठेवलेलं डुक्कर आधी पोटातून आत जातं, मग मांडीवरचं मांस उतरतं. पाठीवरची चरबी मात्र बराच काळ तशीच राहते. परीक्षकाच्या हाताला ते लगेच कळतं.

रोखायचं तर सहा-सात आठवडे आधीपासून, हलक्या हाताने. क्रम असा ठेवा.

आधी खाद्यातून जादा तेल आणि चरबी काढा. मग मक्याचा काही भाग काढून ओट, गव्हाचा कोंडा किंवा भिजवलेला बीटचा चोथा घाला. पोट भरलेलं राहतं, जनावर शांत राहतं, ऊर्जा मात्र कमी जाते. १०० किलोंचं एक चालणारं प्रमाण: मका ४०, ओट २५, कोंडा १२, सोयाबीन पेंड २०, खनिज मिश्रण ३. यात पेंड आधीपेक्षा कमी नाही, हे मुद्दाम आहे. रोजचं खाद्य घटवलं की प्रत्येक किलोत प्रथिनं जास्त लागतात, तरच मांस टिकतं.

एवढ्याने भागलं नाही तर खाद्याचं वजन कमी करा, पण एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त नको. मग आठवडाभर थांबून काट्यावर निकाल बघा. साधारण ११० किलोंचं डुक्कर अशा हलक्या खाद्यावर रोज दीड ते पावणेदोन किलोंत जवळजवळ जागेवर उभं राहतं. या पातळीवर ते दोन-तीन आठवड्यांहून जास्त ठेवलं की कातडी रुक्ष होते, केस उभे राहतात, कूस (बरगड्या आणि मांडी यांमधला भाग) खोल जाते. तेवढ्याने ते गटात बसणार नसेल तर वरच्या वजनगटात न्या. चार किलो जास्त पण भरलेलं जनावर गटात बसवलेल्या वाळक्या जनावरापेक्षा उजवं दिसतं.

बीटचा चोथा कोरडा घालू नका. दुप्पट-तिप्पट पाण्यात दोन तास भिजवा. कोरडा चोथा घशात आणि पोटात फुगतो.

वजन मागे पडलंय. काय वाढवू?

वाढवण्याआधी शोधा. बऱ्याच वेळा खाद्य पुरेसं असतं, खाणं कमी असतं. पाण्याची धार बघा. गोठ्यात दुपारी किती उकाडा होतो ते थर्मामीटर लावून बघा. जंतांचं औषध कधी दिलं होतं, खोकला आहे का, अंग भिंतीला घासतं का, जोडीदार कुंडावरून हुसकतो का, हे तपासा. खाद्याला बुरशीचा वास येतोय का? धान्यात बुरशीचं विष असलं तर डुक्कर इतर जनावरांच्या आधी तोंड फिरवतं. लहान माद्यांचं योनीमुख माजावर आल्यासारखं सुजलेलं दिसलं तर संशय पक्का धरा आणि तो कट्टा लगेच बंद करा.

हे सगळं ठीक असेल तर दोनऐवजी तीन वेळा खाऊ घाला. खाद्य कालवून पातळ द्या, बहुतेक डुकरं ओलं जास्त खातात. पण कुंडात चार तासांहून जास्त राहिलेलं ओलं खाद्य आंबतं, ते फेकून कुंड धुवा. यानंतरच खाद्यात ३ टक्के सोयाबीन तेल मिसळा. स्निग्धांशात पिष्टाच्या सव्वादोन पट ऊर्जा असते, त्यामुळे खाद्याचा ढीग न वाढवता ऊर्जा वाढते. ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. खाद्य खवट होतं आणि अंगावरची चरबी मऊ, लिबलिबीत होते.

हे मांस आहे की चरबी?

जनावर चालताना मागून बघा. मांसल डुकराची मांडी खालपर्यंत भरलेली असते, पाठीच्या मधोमध उथळ पन्हळ दिसते आणि मागचे पाय एकमेकांपासून दूर पडतात. चरबी धरलेलं डुक्कर वरून टेबलासारखं सपाट दिसतं. त्याचा जबडा लोंबतो, पुढच्या कोपरामागे घडी पडते, शेपटीच्या मुळाभोवती गाद्या येतात आणि पोटाची रेषा चालताना हलते.

मग हात लावा. शेवटच्या बरगडीवर तळवा ठेवून हलका दाब द्या. बरगड्या दाबाशिवाय लागत असतील तर जनावर हडकुळं आहे, आणि जोर देऊनही लागत नसतील तर जाड आहे. अल्ट्रासाउंडने पाठीची चरबी मोजण्याची सोय असेल तर दहाव्या बरगडीपाशी १५ ते २० मिलिमीटर हे चांगलं माप आहे.

दूध, अंडी, प्रोटीन पावडर घालावी का?

मूळ खाद्य नीट असेल तर गरज नाही. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो आणि त्याचा परिणाम खुरांवर दिसतो. दूध एकदम जास्त दिलं तर हगवण. वरून घालायच्या तीन-चार पावडरी एकत्र केल्या की खनिजांचा तोलही जातो. कॅल्शियमचा अतिरेक झाला की जस्त शोषलं जात नाही आणि कातडीवर खपल्या येतात.

रॅक्टोपामाइन वापरतात म्हणतात. ते काय आहे?

खाद्यातून दिलं जाणारं, चरबीऐवजी मांसाकडे वाढ वळवणारं औषध. अमेरिकेत १९९९ मध्ये ते डुकरांसाठी मंजूर झालं. युरोपीय संघात आणि चीनमध्ये त्यावर बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही ते फक्त वाढीच्या शेवटच्या टप्प्यात, किमान १६ टक्के प्रथिनांच्या खाद्याबरोबरच द्यायचं असतं. कमी प्रथिनांवर त्याचा उपयोग होत नाही. दुसरी बाजू अशी, की अशी डुकरं हाताळताना जास्त बिथरतात, लवकर धापा टाकतात आणि चालता चालता बसतात. परीक्षकासमोर जनावर चालवतात त्या रिंगणात याची किंमत मोठी असते. कायदा किंवा नियमावली परवानगी देत नसेल तर विचारही करू नका. ज्या कुंडात, मिक्सरमध्ये ते गेलं आहे तिथलं खाद्यही वापरू नका, अंशसुद्धा तपासणीत सापडतो.

घरातलं उरलेलं अन्न चालतं का?

प्रदर्शनाच्या डुकराला नको. मांसाचा अंश असलेलं किंवा मांसाशी संपर्क आलेलं अन्न तर कुठल्याच डुकराला नको. अनेक देशांत तो गुन्हा आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर (डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य ताप) आणि लाळ्या खुरकूत अशा अन्नातून पसरतात. ब्रिटनमधली २००१ ची लाळ्या खुरकुताची साथ न उकळलेलं खरकटं घालणाऱ्या एका वराहपालन केंद्रापर्यंत माग काढत पोचली आणि त्याच वर्षी तिथे खरकटं घालण्यावर बंदी आली.

चालवल्याने वजन कमी होतं का?

फारसं नाही. चालण्याने दम वाढतो, पाय मोकळे होतात, जनावर काठीच्या इशाऱ्याला सरावतं. प्रदर्शनाच्या सहा आठवडे आधी रोज दहा मिनिटांपासून सुरू करून वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत न्या. सकाळी लवकर, मऊ जमिनीवर. तोंड उघडून श्वास सुरू झाला की तिथेच थांबा. पळवू नका.

उन्हाळ्यात खाणं कमी झालं तर?

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. मोठ्या डुकराला १८ ते २२ अंश मानवतात, २७ च्या पुढे खाणं उतरायला लागतं. मुख्य खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. पाण्याची टाकी आणि नळ्या सावलीत घ्या. तापलेलं पाणी डुक्कर पीत नाही. तुषार सोडत असाल तर मधे मधे अंग वाळू द्या. गारवा वाळण्यातून येतो, आणि बंद दमट गोठ्यात सतत पाणी मारलं तर उलटंच होतं.

जनावर उन्हाने आडवं झालं तर सावली, पंखा आणि पाय-पोट ओलं करणं. अंगावर एकदम बर्फाचं पाणी ओतू नका.

जंतांचं औषध किती वेळा?

आणल्यावर एकदा, पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने साधारण दर ३० ते ४५ दिवसांनी. गोल जंत पोटात गेल्यापासून अंडी घालेपर्यंत सहा ते आठ आठवडे घेतो, म्हणून एका डोसाने काम संपत नाही. प्रत्येक औषधाला कत्तलीआधी किती दिवस थांबायचं हे लेबलवर असतं. डोसाची तारीख आणि हे दिवस दोन्ही वहीत हवेत. बऱ्याच प्रदर्शनांत ही नोंद मागतात.

शेवटचे तीन दिवस आणि प्रवास?

नवीन काहीही नाही. तेच खाद्य, त्याच वेळा. प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी चार-पाच तास खाद्य बंद, पाणी चालू. प्रवासात वजन २ ते ५ टक्के उतरतं, ११५ किलोंच्या जनावराचं सव्वादोन ते पावणेसहा किलो. काट्यावर कुठे बसायचं हे ठरवताना हे धरा. त्यातलं बरंचसं पाणी असतं आणि एक-दोन दिवसांत भरून येतं.

परक्या पाण्याला डुकरं नाक मुरडतात. घरचं पाणी दोन-तीन कॅन बरोबर न्या. ते जमत नसेल तर आठवडाभर आधी घरी पाण्यात चिमूटभर चवीची पावडर घालायची सवय लावा आणि तिथेही तीच घाला. पोचल्यावर आधी पाणी, तासाभराने नेहमीच्या अर्धं खाद्य, कालवून.

रिंगणात जायच्या दिवशी किती खाऊ घालायचं?

रिंगणाच्या दोन-तीन तास आधी साधारण अर्धा किलो भिजवलेलं खाद्य आणि हवं तेवढं पाणी. पोटाची रेषा सरळ दिसली पाहिजे. कूस आत गेलेली नको आणि पोट लोंबतंही नको. कोणत्या जनावराला किती लागतं हे घरी दोनदा करून बघा, तासातासाला बाजूने फोटो काढा.

नळीने पोटात पाणी किंवा खाद्य ढकलू नका. नळी श्वासनलिकेत गेली तर जनावर हातचं जातं, आणि पुष्कळ प्रदर्शनांत त्यासाठी थेट बाद करतात.

काट्यावर दीड-दोन किलो जास्त भरलं तर?

वजन पुन्हा घेता येत असेल तर जनावर हळू चालवा, लघवी आणि विष्ठा होऊ द्या. तेवढ्यात किलोभर उतरू शकतं. जुलाबाचं किंवा लघवीचं औषध, पाणी तोडणं, उन्हात उभं करणं यातलं काहीही करू नका. गट बदलून मिळत असेल तर बदलून घ्या.

परत आणल्यावर?

तीन-चार आठवडे वेगळ्या जागी. त्याच्या कप्प्यात जायचं ते घरच्या जनावरांचं काम उरकल्यावर, वेगळे बूट घालून. बादली आणि काठीही वेगळी. रोखून धरलेल्या डुकराला पहिल्याच दिवशी कुंड भरून देऊ नका, आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या.